हात वर झाला की घंटी

सुरतेच्या रिंगरोडवरच्या एका कापड मार्केटच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या मार्केटचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

दिवाळीच्या तोंडावर चौकात हमाल आणि व्यापारी यांची हातघाई झाली, एका शेठचा चष्मा फुटला, आणि कमिटीला एकदम सुरक्षेची आठवण झाली. अहमदाबादहून टाय लावलेला एक सेल्समन आला. ऑफिसशेजारच्या खोलीत त्यानं चार काळे-पांढरे टीव्ही मांडले आणि त्यांना एक खोकं जोडलं. बटण फिरवून टीव्हीतल्या चौकावर, माणसांच्या डोक्यांच्या जरा वर, एक रेघ ओढली. रेघेच्या वर काही हललं की घंटी वाजायची. मारणारा माणूस आधी हात उचलतो, हे त्याचं शास्त्र. "आ मशीन माणसनी नियत ओळखे छे," तो म्हणाला. हे यंत्र माणसाची नियत ओळखतं म्हणे! वीस-वीस वर्षं संसार करून बायकोला नवऱ्याची नियत कळत नाही, ती या खोक्याला कळणार होती. कमिटीनं मात्र माना डोलावल्या. टायपिस्टला कोण विचारतो?

पहिल्या आठवड्यात घंटीनं नुसता उच्छाद मांडला. कुणी वरच्या मजल्यावरच्या मित्राला हात केला, वाजली. राजस्थानातल्या गिऱ्हाइकानं फेटा सारखा केला, वाजली. एका शेठनं चौकात उभं राहून दोन्ही हात ताणून जांभई दिली, तेव्हा तर अख्खं ऑफिस हसलं. पण हे हसणं माणूस बघून असायचं. शेठच्या जांभईला वॉचमन हसत बटण बंद करायचा आणि हमालानं घाम पुसायला हात वर नेला की त्याला भिंतीला उभा करून खिसे तपासायचा. खोकं बिचारं सगळ्यांना सारखंच वाजत होतं. भेदभाव त्याच्या पुढे बसलेली माणसं करत होती.

आम्ही उधन्याला राहायचो. वडील मूळचे धुळ्याकडचे, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये होते. आई याच मार्केटमधल्या एका दुकानातून साड्यांचे गठ्ठे घरी आणायची, त्यांवर टिकल्या आणि खडे चिकटवायची आणि पोचवायची. आत यायला तिच्याकडे मार्केटचा पास होता. वडिलांची मिल महिन्यातून दहा दिवस बंद असायची, तेव्हा आमचं घर त्या पासावर चालायचं. साड्या मोजून द्यायची ती त्या दुकानाच्या शेठची सून. आईला ती 'माशी' म्हणायची, म्हणजे मावशी. तिला दिवस गेले तेव्हा आईनं खोबऱ्याचे लाडू करून नेले होते, आणि ते तिनं मिटक्या मारत खाल्ले होते.

तर बाळ झालं आणि सव्वा महिना झाल्यावर ते पहिल्यांदा दुकानात आणलं. शेठ त्याला खांद्याशी धरून चौकात उतरणाऱ्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते, सून बाजूला होती, येणारा-जाणारा कौतुक करत होता. आई गठ्ठा घेऊन चौकात आली. बाळ बघितलं आणि गठ्ठा खाली ठेवून तिनं आपल्याकडच्या कुठल्याही बाईनं केलं असतं तेच केलं. दोन्ही हात उंच करून बाळाच्या तोंडावरून उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

घंटी वाजली. वॉचमन धावत गेला आणि त्यानं आईचं मनगट मागे पिरगाळलं. दोन बांगड्या तिथेच फुटल्या. घंटी आईच्या हातानं वाजली की पायरीवर उंच धरलेल्या बाळाच्या डोक्यानं, हेही त्या खोक्याला सांगता आलं नसतं. मी ऑफिसातून पळत आले तेव्हा आईच्या मनगटातून रक्त येत होतं आणि शेठ बाळाला छातीशी घट्ट धरून चार पायऱ्या वर गेले होते.

आता हे ऐका. बोटं मोडणं गुजरात्यांना काय नवीन आहे? त्याला ते ओवारणां म्हणतात. त्यांच्या घरी लग्नात, बारशात, सासरहून लेक आली तरी, म्हाताऱ्या हेच करतात. शेठच्या आईनंही त्याच सकाळी उंबऱ्यावर त्या बाळाची ओवारणां घेतली असणार. चौकात उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की ही बाई काय करत होती. मी ओरडून सांगितलं, "शेठ, ओवारणां हतां!" शेठनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "घंटडी वागी छे एटले कंईक तो हशे ज ने." घंटी वाजली आहे म्हणजे काहीतरी असेलच की. मी सुनेकडे बघितलं. तिनं पदर नीट केला आणि खाली पडलेल्या गठ्ठ्याकडे बघत राहिली. लाडू खाताना बरं तोंड उघडत होतं!

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. आईला बोलावलं होतं, शेठ होते, बाळाला घेऊन सून दाराशी उभी होती. सेक्रेटरींनी मोठ्या मनानं निकाल दिला: पोलिसात जायचं नाही, पासही चालू राहील, फक्त बाईनं लिहून द्यावं की बाळावर हात उगारला ही माझी चूक झाली. "तुं ज टाईप करी नाख," ते मला म्हणाले. तूच टाईप करून टाक, तुझीच आई आहे, अशा सुरात.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मिल त्या महिन्यातही बंद होती. मी आईजवळ वाकून म्हटलं, "माय, चार ओळी शेत. अंगठा दी दे, काम तरी राही."

आई घरी कशाशीही तडजोड करायची. शिळ्या भाकरीशी, वडिलांच्या रागाशी, पाण्याच्या रांगेतल्या भांडणाशी. इथे मात्र तिनं मान हलवली.

"मी त्यानी इडापिडा मन्हा आंगवर लिधी शे," ती म्हणाली. "आते मी सांगसू की ती चुकी व्हती, ते ती इडापिडा माघारी त्याना आंगवर जाई. नही मांगस मी माफी."

सेक्रेटरींनी विचारलं, काय म्हणते? मी गुजरातीत सांगितलं, एकेक शब्द तोडून: बाळाची पीडा तिनं स्वतःवर घेतली आहे, आशीर्वादाला चूक म्हटलं तर ती पीडा बाळाकडे परत जाईल, म्हणून माफी मागणार नाही. सुनेनं बाळाचं टोपडं पुढे ओढलं. शेठ पंख्याकडे बघू लागले. इतक्या माणसांत "जाऊ द्या, काढा तो कागद" एवढं म्हणायला एकाचीही जीभ उचलली नाही.

आईनं पास टेबलावर ठेवला. दाराशी सून वाट अडवून उभी होती. तिच्या बाजूनं, बाळाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, आई बाहेर पडली. पुढची तीन वर्षं तिनं पांडेसऱ्यात धागे कापण्याचं काम केलं, निम्म्या पैशांत, उभ्यानं.

मी तिथे दुसरी नोकरी मिळेपर्यंत टिकले. ते बाळ आता चांगलं पंचविशीतलं, धडधाकट असेल, आणि ते आईच्या हट्टामुळे, असं आई मरेपर्यंत मानत होती. माझं मन तिच्याएवढं मोठं नाही. माझ्या हातात असतं तर मी त्याच दिवशी चार ओळी टाईप केल्या असत्या आणि ती पीडा ज्याची त्याला, त्याच टेबलावर, परत केली असती.