पुढच्या सीटवरची भिमाबाई

भिमाबाईला गाडी चालवता येत नाही. सायकलवरही ती कधी बसलेली नाही. तरी शेवगावजवळच्या तिच्या वस्तीवर दिवाळीच्या नाही तर मे महिन्याच्या सुट्टीत कुणाची लांबची सहल ठरली, की गाडीवाल्याच्या आधी भिमाबाईकडे माणूस यायचा. कोल्हापूर असो, गाणगापूर असो की कोकण, ड्रायव्हरच्या शेजारची जागा तिची. त्या जागेसाठी पोरं रडायची, जावई रुसायचे, पण ती दुसऱ्या कुणाला मिळायची नाही. ड्रायव्हरला झोपू न देणं हे भिमाबाईचं काम होतं.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. बडबड करणारी माणसं गाडीत पुष्कळ असतात, त्यांच्या बडबडीनं तर ड्रायव्हरला आणखीच गुंगी येते. भिमाबाई बोलायची कमी आणि विचारायची जास्त. गाव कोणतं, भाऊ किती, वाटण्या झाल्या का, विहिरीला पाणी टिकतं का, बायकोचं आणि आईचं पटतं का. या शेवटच्या प्रश्नाला पेंगणारा ड्रायव्हरही ताठ बसायचा. उत्तर लांबलचक आलं तर ती निश्चिंत. नुसतं हां-हूं यायला लागलं, हात सारखा मानेवर जायला लागला, काच खाली-वर व्हायला लागली, की ती ठेवणीतला प्रश्न काढायची. आत्ता मागं कोणतं गाव गेलं? जागा ड्रायव्हर पटकन सांगतो. ज्याला आठवत नाही, तो उघड्या डोळ्यांनी झोपलेला असतो. मग ती त्याच्या खांद्यावर हात ठेवायची आणि गाडी बाजूला घ्यायला लावायची. मागं घोरणारी मंडळी टपरीवर उतरून कुरकुर करायची. जीव वाचला म्हणून कुणी आभार मानत नाही, चहात साखर कमी पडली तर मात्र सगळे बोलतात.

तिच्या नावाचा असा बोलबाला झाला, आणि त्यातूनच वस्तीला एक वाईट खोड लागली. पूर्वी लोक वाटेत मुक्काम करायचे. धर्मशाळेत, कुणा पाहुण्याकडे पाठ टेकायचे आणि उजाडल्यावर निघायचे. आता म्हणायला लागले, भिमाबाई पुढं बसलीय ना, मग मुक्काम कशाला, एका दमात जाऊन येऊ. ड्रायव्हरलाही झोप लागते ही गोष्टच सगळे विसरून गेले. भिमाबाईला हे दिसत नव्हतं असं नाही. बोलण्यानं झोप लांबते, जात नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण कौतुक कुणाला नको असतं. बोलावणं आलं की ती पुढं जाऊन बसायची.

तिचा धाकटा मुलगा योगेश याच कौतुकात वाढला. आईच्या मांडीवर, म्हणजे पुढच्याच सीटवर बसून त्यानं निम्मा महाराष्ट्र पाहिला आणि मोठा झाल्यावर ड्रायव्हर झाला. शेवगावातल्या कारभारीशेठच्या गाड्या भाड्यानं जायच्या, त्यातली एक मोठी गाडी त्याच्या हातात होती. परक्या माणसांच्या ट्रिपा सुरू झाल्या, आणि भिमाबाईच्या ध्यानात आलं की आपण आयुष्यभर लोकांच्या पोरांना जागं ठेवलं, आता आपल्या पोराच्या शेजारी आपल्याला जागा नाही. त्या दिवसापासून तिचं जेवण निम्मं झालं.

यंदाच्या दिवाळीत कारभारीशेठला उसंत नव्हती. योगेश तिरुपतीची ट्रिप करून भाऊबीजेच्या संध्याकाळी घरी आला, तेव्हा त्याचे डोळे तांबडेलाल होते आणि ताटावर बसल्या बसल्या त्याची मान पडत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे गणपतीपुळ्याची ट्रिप लागलेली. त्याची बायको भारती, तिला सातवा महिना होता, ती त्याच्या ताटातला भात कालवून देत राहिली. भिमाबाईनं चपला घातल्या आणि तडक शेठचं घर गाठलं.

शेठ वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. भांडणाऱ्या माणसाशी भिमाबाई भांडली असती. त्यानं तिला खुर्ची दिली, फराळाची बशी पुढं केली आणि हळू आवाजात सांगितलं, की मावशी, सगळी पोरं बाहेर आहेत, गिऱ्हाईक महिन्याआधी ठरलेलं आहे, ऐन वेळी नाही म्हणालो तर पुढच्या वर्षी कोण येईल. योगेशला जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरा बघतो, फक्त मग गाडीही त्या दुसऱ्याकडेच राहील. मग मला तरी पुढं बसू द्या, असं ती म्हणाली. शेठनं खेदानं मान हलवली, सगळ्या जागा भरल्या होत्या. भिमाबाई चकली तशीच बशीत ठेवून परत आली.

पहाटे ती योगेशबरोबर गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत गेली. शेवगावातच बँकेत नोकरीला असलेले आदिनाथ, त्यांची बायको स्नेहल, मुलं आणि म्हातारे आईवडील, असं भरलं घर सहलीला निघालं होतं. माणसं चांगली होती. स्नेहलनं योगेशसाठीही नाश्त्याचा डबा घेतला होता. पुढच्या सीटवर आदिनाथ बसणार होते. भिमाबाईनं त्यांना बाजूला घेऊन विनवलं, की साहेब, माझा मुलगा काल संध्याकाळीच तिरुपतीहून आलाय, त्याच्याशी बोलत राहा, दुपारी जेवणानंतर तर अजिबात झोपू नका. आदिनाथ हसले. आता रस्ते चांगले झालेत, गाडीत एअरबॅग आहेत, तुम्ही निर्धास्त राहा, असं म्हणाले आणि आत बसले. त्यांच्या गळ्यात प्रवासाची गोल उशी आधीच होती. गळ्यात उशी अडकवून बसलेला माणूस ड्रायव्हरला काय जागं ठेवणार, हे भिमाबाईला तिथंच कळलं, पण तोवर गाडी वळणावर दिसेनाशी झाली होती.

घरात एक नियम होता. योगेश गाडीवर असताना त्याला फोन करायचा नाही, तो थांबला की तोच करेल. सकाळी साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबला तेव्हा त्यानं केला होता. मग दुपारी, भारती उन्हात वाळवण परतत असताना, तिचा मोबाईल पुन्हा वाजला. भिमाबाईनं उचलला. पलीकडे गाडीचा घरघराट ऐकू येत होता, म्हणजे गाडी चालू होती.

“आई, बोल काहीतरी,” योगेश म्हणाला.

गाडी थांबव, असं तिनं दोन-तीनदा सांगितलं. तो म्हणाला, जेवण जरा जड झालं, कराड मागं पडलंय, आंबा घाट उजेडात उतरायचाय, गाडीत सगळे झोपलेत आणि मध्ये थांबलो तर शेठकडे तक्रार जाते. मागच्या ट्रिपला तसंच झालं होतं. “तू इचार काहीतरी. तू इचारलं की झोप जाती,” असं म्हणाला.

हे त्याला कुणी शिकवलं होतं? भिमाबाईला रडू आलं, पण रडायलाही सवड नव्हती. फोन ठेवावा तर तो झोपेच्या तावडीत एकटा सापडणार. बोलत राहावं तर एका हातात फोन धरून तो हायवेवर गाडी चालवणार. दोन्हीकडून मरण. ती विचारत राहिली. पोरगा झाला तर नाव काय ठेवायचं, पोरगी झाली तर काय, तिरुपतीला रांग किती होती, लाडू कुणाकुणाला द्यायचे. आधी उत्तरं नीट आली. मग ती आखूड झाली. मग नुसता हुंकार आला.

“योगेश, आत्ता मागं कंचं गाव गेलं?”

बराच वेळ नुसता रस्ता ऐकू येत राहिला.

“गाव?” तो म्हणाला. “न्हाई ध्यानात.”

भिमाबाईचा हात आपोआप पुढं गेला, खांद्यावर ठेवायला, आणि तिथं कुणी नव्हतं.

आपल्याकडे गाडी चालवणाऱ्या माणसाला मयताची बातमी देत नाहीत. हात लटपटतील, डोळ्यांपुढं अंधारी येईल, म्हणून आधी गाडी थांबवायला सांगतात आणि मगच बोलतात. योगेशचे वडील सूर्यभान गेले, तेव्हा योगेश तुळजापूरच्या रस्त्यावर होता. त्याच्या चुलत्यांनी त्याला फोनवर एवढंच सांगितलं होतं, गाडी बाजूला घे, मग सांगतो. बाकीचं सांगायची गरजच पडली नव्हती. ही रीत भिमाबाईला ठाऊक होती, आणि योगेशलाही. तिनं विचार केला नाही. विचार केला असता तर तिची जीभ रेटली नसती.

“गाडी बाजूला घे,” ती म्हणाली. “मंग सांगते.”

फोनमधून इंडिकेटरची टिकटिक आली. मग चाकांखाली खडी करकरली आणि गाडी थांबली. दार उघडल्याचा आवाज आला. योगेशचा आवाज आता पूर्ण जागा होता, इतका जागा की तो ओळखू येत नव्हता.

“कोन गेलं?” आणि तिचं उत्तर यायच्या आत, “भारती? आई, भारतीला काय झालं?”

भारती समोरच उभी होती. तिनं फोन ओढून घेतला आणि मी बरी हाय, मी हितंच हाय, असं चार वेळा म्हणाली. मग फोन परत सासूच्या हातात आला.

“कुनी न्हाई गेलं,” भिमाबाई म्हणाली. “तू झोपला हुतास. आता तितंच घटकाभर पड, बाळा.”

पलीकडे आदिनाथांचा झोपाळलेला आवाज आला, काय झालं म्हणून. स्नेहलही काहीतरी विचारत होती. भिमाबाईला योगेशचे हुंदके ऐकू येत होते. वडील गेले तेव्हासुद्धा तो सगळ्यांसमोर असा रडला नव्हता.

“आई,” तो शेवटी म्हणाला, “उद्या खरंच काय झालं अन् तू मला म्हनलीस गाडी बाजूला घे, तर मी थांबंन का?”

फोन बंद झाला. तो तिथं थोडा झोपला, का लगेच पुढं निघाला, हे कळायला मार्ग नव्हता. भारतीनं मेसेज टाकून ठेवला आणि दोघी वाळवण तसंच टाकून उंबऱ्यात बसून राहिल्या. दिवेलागणीच्या सुमारास उत्तर आलं, पोहोचलो. एवढा एकच शब्द. भारतीनं तो तिला वाचून दाखवला आणि भिमाबाईनं देवापुढं दिवा लावताना हात जोडले, पण तिला समाधान वाटलं नाही. परतीचा रस्ता अजून बाकी होता, घाटही बाकी होता, आणि थांबवायचा एकुलता एक उपाय तिनं आपल्या हातानं संपवून टाकला होता.

परतीच्या दिवशी दुपारी जेवणवेळ टळून गेली तसा तिनं भारतीचा मोबाईल मागून घेतला आणि पदराखाली धरून ओसरीवर बसली. फोन वाजला नाही. शेजारची राहीबाई येऊन गप्पा मारून गेली, भिमाबाईला त्यातलं काही कळलं नाही. ऊन भिंतीवर चढत गेलं. शहाणा होऊन तो कुठंतरी झाडाखाली गाडी लावून झोपला असेल, म्हणून फोन नाही? की डोळे मिटत असताना, आता आईला फोन करायचा नाही म्हणून, तसाच एकटा चालवत असेल? तिनं भारतीकडून त्याचा नंबर लावून घेतला, आणि पहिली रिंग जायच्या आत स्वतःच लाल बटण दाबलं. चालवत असेल तर फोन करायचा नाही, आणि झोपला असेल तर उठवायचं नाही.