हाइलच्या वॉर्डात कळलेली अमेरिका

पहाटेची नमाज आटपून आम्ही जेद्दा सोडलं. गाडी दाऊदभाईंची. ते मूळचे श्रीवर्धनचे आणि इथे टॅक्सी चालवून म्हातारे झालेले. मागच्या सीटवर मी आणि माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली आंब्याच्या लोणच्याची बरणी.

डिसेंबरात मी मुलाकडे जेद्दाला राहायला आलो आणि १९९१च्या जानेवारीत कुवेतवरून सद्दामशी ही लढाई उपटली. माझी मुलगी रुबिना उत्तरेला हाइलच्या एका इस्पितळात नर्स होती. तिथे परदेशी नर्सेसना हवं तर घरी जायची मुभा मिळाली होती, पण न्यायला बाप किंवा भाऊ यायला हवा. मुलाला रजा मिळेना. रत्नागिरीहून बायकोचा फोन आला तो एकाच वाक्याचा. "पोरीला घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकू नका."

मदिना मागे पडल्यावर रस्ता उजाड झाला. समोरून लष्करी ट्रकांची रांग आली की दाऊदभाई गाडी कडेला घेऊन पुटपुटत प्रार्थना म्हणायचे. एका चौकीवर पोलिसाने टॉवेल उलगडला. बरणीतून लाल तेल पाझरलं होतं. तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने विषारी वायूसाठीचा मुखवटा काढायला पिशवीत हात घातला. दाऊदभाईंनी शांतपणे झाकण काढून बरणी त्याच्या नाकाशी धरली. त्याला सात-आठ शिंका आल्या. "यल्ला (चला)," तो डोळे पुसत म्हणाला.

"सर, तुमच्या लोणच्यानंच सद्दाम पळायचा," दाऊदभाई म्हणाले. मला हसू आलं नाही. रस्त्यातल्या एका टपरीवर आम्ही खुब्ज (रोटी) आणि मसूरची आमटी खाल्ली. टीव्हीवर रियाधमधली क्षेपणास्त्राने पडलेली एक इमारत दाखवत होते. तिच्या एका भिंतीवर कॅलेंडर तसंच लटकत होतं.

संध्याकाळी हाइलचे तांबूस डोंगर दिसले आणि त्यांच्या पायथ्याशी गव्हाची हिरवी शेतं. या वाळवंटात गहू पिकतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांवर विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या कचेरीत मी सही करून रुबिनाचा खुरूज (देश सोडण्याचा परवाना) घेतला आणि खिशात ठेवला. मग तिच्या वॉर्डात गेलो. खिडक्यांना चिकटपट्ट्या, दारांच्या फटींत विषारी वायू अडवायला ओले टॉवेल. रुबिनाचे डोळे खोल गेले होते.

"किती जणी गेल्या?" मी विचारलं.

"अकरापैकी आठ. राहिलो आम्ही तिघी. बॅग भरून ठेवलीय, अब्बा. तुम्ही म्हणाल तेव्हा निघू."

"तुला यायचंय ना?"

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून धावत गेली.

तिची ड्यूटी दुपारी संपणार होती, तोवर मी कोपऱ्यातल्या खाटेशेजारी बसलो. तिथे एक अमेरिकन सैनिक होता, ट्रक उलटून पाय मोडलेला. अमेरिकन म्हणजे गोरा, अशी माझी समजूत. हा तर काळ्या केसांचा, सावळा, आमच्याकडच्या कुणाही खलाशासारखा. त्याने नाव सांगितलं, डॅनियल. कोलंबसाच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या लोकांपैकी तो.

मी त्याला जेवणाबरोबर लोणचं दिलं. तो चवीने खाऊन म्हणाला, "ही मिरची आमची. आमच्याकडून जहाजात बसून तुमच्याकडे आली." मिरची आमची नाही हे ऐकून मला खरं तर रागच आला. पण आठवून पाहिलं तर तो बरोबर बोलत होता. मिरची पोर्तुगीजांनी आणली, हा धडा मीच तर शिकवतो.

मग मी जरा तोऱ्यातच सांगितलं की मी इतिहासाचा मास्तर आहे. मूठभर स्पॅनिश लोकांनी तोफा आणि घोडे यांच्या बळावर एवढी राज्यं कशी जिंकली, हे तीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलंय.

"तोफा?" डॅनियल म्हणाला. "आमच्या आजीच्या गोष्टीत तोफा नाहीत. त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. आमच्यात ती आधी कुणी पाहिलीच नव्हती, म्हणून अख्खं घर एकाच दिवशी आडवं झालं. आई, बाप, पोरं, शेजारीसुद्धा. आजी म्हणायची, त्यातले कितीतरी जगले असते. नदी अंगणापासून हाकेवर होती. पण पाणी आणून द्यायला उभं असं कुणी उरलं नव्हतं."

मी हादरलो. माझ्या दंडावर लहानपणीच्या देवीच्या लशीचा वण आहे, तिकडे आपोआप हात गेला. तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. मी फळ्यावर घोडे काढत राहिलो. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात पलीकडचा म्हातारा ओरडला, "मोया! मोया!" हा गव्हाच्या शेतावरचा बद्दू (भटक्या अरब जमातीतला), पोटाचं ऑपरेशन झालेला.

"पाणी मागतोय," डॅनियल म्हणाला. "पाजायला बंदी नाही, पण माझा पाय..."

मी दाराकडे पाहिलं. रुबिना वॉर्डाच्या त्या टोकाला एकाला ऑक्सिजन लावत होती. दुसरी नर्स खालच्या मजल्यावर, तिसरी रात्रभर जागून झोपलेली. म्हातारा ओरडतच होता. शेवटी मी उठलो, जगमधून पेला भरला आणि त्याची मान उचलून पाणी पाजलं. त्याने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं.

खिशात तो कागद होता. उद्या रुबिना गेली की इथे दोघीच. मला भीती वाटत होती. माझी एकुलती एक मुलगी, आणि वरून काय पडेल याचा नेम नाही. तरी तो कागद घेऊन मी कचेरीत गेलो आणि परत दिला. "खलास (संपलं)?" कारकुनाने विचारलं. "खलास," मी म्हणालो.

रुबिनाला सांगितलं, "बॅग रिकामी कर."

तिने विचारलं, "अम्मीला काय सांगाल?"

"बघतो," मी म्हणालो. "मला राहायचंय हे सांगवत नव्हतं, अब्बा," म्हणत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि दोन मिनिटांत डोळे पुसून कामाला लागली. लोणच्याची बरणी मी डॅनियलच्या उशाशी ठेवली.

दाऊदभाईंबरोबर मी एकटाच जेद्दाला परतलो. विमानाचं तिकीट मिळालं तसा मी रत्नागिरीला निघालो. शाळेत तो धडा आता नव्याने शिकवायचा हे वाटेतच ठरवलं होतं, घरी काय बोलायचं ते मात्र सुचलं नव्हतं.

बायको दारात उभी होती. प्रवासातून आलेल्याला द्यायचं पाणी तिच्या हातात होतं. तिने माझ्या मागे पाहिलं, रिक्षात पाहिलं. पेला तिने मागेच धरला.

"कुठाय ती?"

"तिथेच. एक आजारी पाण्यासाठी ओरडत होता, द्यायला कुणी मोकळं नव्हतं."

"कुणीच नव्हतं?"

"नाही."

तिने पुन्हा एकदा रिकाम्या रिक्षाकडे पाहिलं. मग तिने पेला पुढे केला आणि मी पाऊल आत टाकलं.