उटीचं रोप

माझं सासर विट्यात. मोठे दीर मद्रासला सोनं गाळायचं दुकान चालवत आणि वर्षातून एकदा, जत्रेला, घरी येऊन आम्हाला मोठ्या शहराच्या गोष्टी शिकवत. दुष्काळ सरला त्यानंतरच्या जत्रेला ते चिनी मातीच्या कुंडीत एक रोप घेऊन आले. उटीला फिरायला गेले होते म्हणे. जाड, मांसल पानं कमळासारखी गोल बसलेली, त्यांवर जांभळावर असते तशी पांढुरकी भुकटी.

"ह्येला कुणी हात लावायचा न्हाई," त्यांनी आम्हाला बजावलं. "मोठ्या लोकांच्या बंगल्यात असतंय ह्ये."

ते मद्रासला परतले आणि रोप जाऊबाईंच्या ताब्यात आलं. त्यांनी ते पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवलं, कारण पाहुणे तिथंच बसत. रोज ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायच्या. भुकटी गेली, बोटांचे डाग उरले. मग चकाकी यावी म्हणून खोबरेल चोळलं. तांब्याभर पाणी तर रोजचंच. उजेडासाठी ते बिचारं मान लांबवू लागलं, तर जाऊबाई शेजारणींना सांगत, "बघा की, लय वाढाय लागलंय."

"आक्का, उन्हात ठिवूया का?" मी एकदा विचारलं.

"तुझ्या म्हायेरात हुतं व्हय असलं?"

माझं माहेर मेढ्याकडचं, डोंगरातलं. असलं रोप तिथं नव्हतं, पण झाड आणि पितळी भांडं यातला फरक आम्हाला कळत होता. मी पुन्हा विचारलं नाही.

श्रावणात खालची पानं उकडल्यासारखी मऊ होऊन गळाली, खोड काळं पडलं. नजर लागली म्हणून जाऊबाईंनी मिरच्या ओवाळल्या आणि शेवटी ते परसात फेकून दिलं. शेंडा तेवढा धड होता. तो मी विळीवर कापला, काप सुकेपर्यंत वळचणीला ठेवला आणि फुटक्या घमेल्यात ओढ्याची वाळू न् माती घालून खोवला. माती पार कोरडी झाली तरच पाणी. फार माया होती असं नाही. त्या दोघांच्या मिजाशीपायी एखादी जिवंत गोष्ट मरावी, हे मात्र मला पटत नव्हतं.

पुढच्या जत्रेपर्यंत रोपाच्या कडेनं पिल्लं फुटली. परसात, न्हाणीच्या भिंतीवर, दिरांना घमेलं दिसलं. त्यांनी बरोबरच्या मित्राला हाक मारली.

"बघ गड्या, उटीचं रोप आमी विट्यात जगवलं. त्येला हात लागतो."

जाऊबाई मागं उभ्या राहून मान डोलवत होत्या. मित्राला एक पिल्लू द्यावं म्हणून दिरांनी ते पानांना धरून वर ओढलं. पानं निखळून मुठीत आली, बाकीचं मातीतच राहिलं.

"आसं कसं झालं?" त्यांनी मला विचारलं.

"तुमचा हात लागला न्हवं का, भाऊजी," मी म्हटलं आणि चहाचे कप पुढं केले.

त्यानंतर ते कधी परसात आले नाहीत. रोपं माझ्याकडं अजून आहेत. मागेल त्याला देते. त्या दोघांना मात्र कधी दिलं नाही, त्यांनीही मागितलं नाही.