जोडी पुण्यात, मी कारध्याच्या वाटेवर

आमच्या घरात एक कपाट आहे. त्याला सगळे 'आईचं अर्धं कपाट' म्हणतात. त्यात एका बाहीचा स्वेटर आहे, पाचव्या धड्यावर खूण घातलेलं जर्मनचं पुस्तक आहे, डोक्यावाचून राहिलेली वारली माणसं आहेत आणि सारेगमपर्यंत पोचलेली पेटी आहे. त्यामुळे भंडारा जिल्ह्यातल्या माउंटन बाइक शर्यतीत मी नाव घातलं, तेव्हा माझी लेक इरा एवढंच म्हणाली, "आई, सायकल मावणार नाही गं त्यात."

नवरा हसला. मीही हसले. पण बेचाळिसाव्या वर्षी हसताना गालाच्या आत काहीतरी टोचलं. दोन दिवस, दीडशे किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत शेवटची रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकाला पदक. मला जिंकायचं नव्हतं. मला फक्त एक गोष्ट पुरी करायची होती.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याहून नागपूरपर्यंत रेल्वे, सायकल खोक्यात बांधून. एक दिवस हातात ठेवा, कारण खोकं कधीकधी तुमच्या गाडीने येत नाही. नागपूरहून भंडारा महामार्गाने दीड तास, तिथून तुमसरमार्गे बपेरा. जीपवाला सायकल बघून भाडं वाढवतो, चाकं काढून ठेवली की कमी करतो. कपडे जाड घ्या. जानेवारीत इथली सकाळ बोटं गोठवते आणि दुपार मान भाजते.

बपेऱ्याला, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ, तंबूंत मुक्काम होता. तंबूंत माझ्याखेरीज सगळे तज्ज्ञ होते. एक हिंजवडीचा गृहस्थ केळं सोलून वजन करत होता, साल सोबत नेण्यात त्याला अर्थ वाटत नव्हता. दोघे जण टायरमधल्या हवेवरून इतक्या खालच्या आवाजात बोलत होते, की मला आधी कुणाचं तरी आजारपण वाटलं. सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता: पर्वत कुठे आहेत? भंडाऱ्यात तलाव आहेत, धान आहे, उत्तरेला थोडे डोंगर आहेत. आयोजक म्हणाले, "पर्वत आपल्या आत असतो." टाळ्या पडल्या.

मग त्यांनी नियम सांगितले. "ही स्वतःच्या बळावरची शर्यत आहे. दुकानातून खा, हापशावर पाणी प्या, चालेल. पण शर्यतीबाहेरचं कुणी तुमच्या सोबतीने सायकल चालवत आलं, तर नाव कटेल." त्याला इंग्रजी शब्द आहे, पेसिंग. पुढे कुणी असलं की वारा अडतो, वेग मिळतो, धीर येतो. धीर येणं नियमाबाहेर होतं.

पहिल्या दिवशी सागाच्या वाळक्या पानांवरून निघालो. पायवाटांचा आवाज पापड मोडल्यासारखा येत होता. आमच्या आतला पर्वत राहिला बाजूला, बाहेरचा एक चढ आला आणि त्यात माझी चेन दोनदा उतरली. पुढे खाली धानाची कापलेली शेतं, त्यांत लाखोळीच्या कडधान्याची निळी फुलं, मधूनच एखादा तलाव, त्यावर बगळे. मी थांबले की बाकीचे पुढे जात. ते शेतं बघत नव्हते, मनगट बघत होते.

एका बांधावर लाखोळी खुडणाऱ्या बायांनी हटकलं.

"कायची रॅली होय जी? सिकलसेलची का मतदानाची?"

"कशाचीच नाही. शर्यत आहे."

"मंग काहून चालवून राहिल्या एवढ्या उन्हात?"

आयोजकांनी दिलेल्या पुस्तिकेत या प्रश्नाला चार पानं होती. मला एकही वाक्य आठवलं नाही. बाई म्हणाली, "जाऊ द्या. पानी प्या, आन जा." मी प्यायले. घोट घेताना वाटलं, हे नियमात बसतं ना? हापसा नव्हता, तांब्या होता.

मुक्काम लाखनीला, महामार्गालगतच्या एका मंगल कार्यालयात होता. ट्रकांच्या आवाजाने भिंत थरथरत होती, आणि 'वधूपक्ष' लिहिलेल्या खोलीत आम्ही बाया पाय वर करून पडलो होतो. सकाळी चौकातल्या गाडीवर आलुबोंडा खा, वर तर्री घालून. हिंजवडीकर तीनदा खाऊन गेला. त्याचं वजन कुणी केलं नाही.

दुसऱ्या दिवसाची वाट कालव्याकाठाने, गावरस्त्यांनी, वळसे घेत घेत वैनगंगेकाठच्या कारध्याला, शेवटच्या रेषेकडे जात होती. दुपारनंतर मी सगळ्यांच्या मागे होते. एका नाल्याच्या वाळूत चाक रुतलं, मी पडले आणि डाव्या पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढे पेटी, स्वेटर, जर्मन सगळं येऊन उभं राहिलं. लंगडत गावाच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीपर्यंत आले आणि बाकावर बसले. मागून येणाऱ्या आयोजकांच्या गाडीला फोन केला की ती सायकलीसह उचलून नेणार होती. फोन हातात होता.

टपरीच्या मागे शंकरपटाची तयारी चालली होती. बैलजोड्यांची शर्यत, इकडच्या हिवाळ्याचा मोठा सण. एका म्हाताऱ्या आजोबांनी माझ्या छातीवरचा क्रमांक न्याहाळला.

"शर्यतीत आहा का जी?"

"हो."

"मंग जोडी कोठी आहे तुमची?"

"पुण्यात," मी म्हटलं. "त्यांना सुट्टी नाही मिळाली."

टपरी हसून लोळली. चहावाल्याने गाळणी खाली ठेवली. बाजूला एक बाई काळ्या सायकलीच्या कॅरियरला पिशवी बांधत होती. माझ्याच वयाची, लुगड्यावर स्वेटर, डोक्याला मफलर. ती डोळे पुसत म्हणाली, "अवं बाई, नवऱ्याचं नाई इचारून राहिले बाबा. पटात जोडी धावते नं! एकटा बैल उभा केला त तो धावत नाई, घराकडं पाहते."

मी फोनकडे पाहिलं. बैल नेमका घराकडे बघत होता.

तिचं नाव चंद्रकला. कारध्याला बहिणीकडे निघाली होती, पिशवीत उकडलेले शिंगाडे होते. मूठभर माझ्या हातावर ठेवले. मग खाली बसून माझी पोटरी कणीक तिंबावी तशी तिंबली.

"चाला, उठा. मी बी तिकडंच जाऊन राहिली. मी डाव्या अंगानं राहीन, तुम्ही उजव्या."

"अहो, पण..."

"पन काय? दिवस कोनासाठी थांबते का?"

पुढचं सगळं त्या काळ्या सायकलीच्या खडखडाटात झालं. तिच्या सायकलीला गिअर नव्हते, ब्रेक एकच होता, तोही चपलेचा. माझ्या सायकलीला बारा गिअर, आणि मी तिच्या मागे. ती बोलत होती: तिचा मुलगा नागपुरात कसा भाजी चिरायला शिकला, बहिणीचा नवरा किती घोरतो. मी मंद झाले की ती खऱ्या बैलाला करतात तसा जिभेने टक् टक् आवाज काढायची. मला राग यायचा आणि पाय चालायचा.

नदी दिसायला लागली तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. वळणावर झेंडा घेतलेला एक स्वयंसेवक उभा होता. चंद्रकला पुढे निघून गेली, मला त्याने थांबवलं.

"मॅडम, त्या ताईंना मागं राहायला सांगा. पेसिंग होतंय. नाहीतर मला तुमचं नाव कळवावं लागेल."

"त्या बहिणीकडे चालल्यात."

"असतील. पण तुमच्या सोबत चालल्यात."

रस्ता तिच्या जिल्ह्याचा, सायकल तिची, बहीण तिची. बेकायदा तेवढी मी. एक वाक्य बोलायचं होतं: चंद्रकलाबाई, तुम्ही जरा मागून या. ती राहिलीही असती, काहून म्हणून विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं की तुमची सोबत हा माझा गुन्हा आहे. पदक तिथून हाकेच्या अंतरावर होतं. ते कपाटात कुठे टांगायचं ती जागासुद्धा मी ठरवली होती.

पुढून आवाज आला, "ओ बाई! घराकडं पाहून राहिल्या का अजून?"

"कळवा," मी त्या पोराला म्हटलं, आणि पॅडल मारलं.

शेवटच्या उतारावर आम्ही जोडीने होतो. ती डाव्या अंगाने, मी उजव्या. रेषा ओलांडली तेव्हा वैनगंगेवर सूर्य अजून दोन बोटं वर होता. टाळ्या वाजल्या, त्या बहुतेक तिच्या मफलरला होत्या. तिने माझ्या पाठीत एक सणसणीत थाप मारली, उरलेले शिंगाडे माझ्या खिशात कोंबले, माझा फोन नंबर घेतला आणि बहीण वाट पाहते म्हणून निघून गेली. निकाल लागायच्या आत.

निकालात माझ्या नावापुढे 'अपूर्ण' होतं. आयोजक हळहळले. "वाईट वाटतं, पण नियम. आणि पर्वत तर..." आत असतो, मी म्हटलं.

पुण्याला आले. इराने खोकं उघडायला मदत केली, पदक शोधलं, खिशातले सुकलेले शिंगाडे सापडले. मी सगळं सांगितलं. ती सायकलीच्या चाकातली वाळू झटकत राहिली. "मग ही शर्यत कपाटात?" तिने विचारलं, पण हसून नाही. पोटरी अजून दुखत होती, आणि पोटरीला निकाल कळलेला नव्हता.

चार-पाच दिवसांनी भाजी फोडणीला टाकताना फोन वाजला.

"बाई, चंद्रकला बोलून राहिली, कारध्याची शर्यतवाली. त्या दिशी इचारायचंच राहिलं. आपला कितवा नंबर आला जी?"

आपला. इरा ओट्याशी उभी होती, तिलाही ऐकू गेलं.

"शेवटचा," मी म्हटलं.

"आला नं पन!" पलीकडून टक् टक् आवाज आला. "मंग झालं त."

इराने हात पुसले, आत गेली आणि अर्ध्या कपाटातून पेटी बाहेर काढून जमिनीवर ठेवली. "मी भाता मारते," ती म्हणाली. "तू उजव्या अंगाने बस."