भांड्याचा आवाज

बी म्वानाकोंबो धक्क्यावर मासळी साफ करायला बसायची ती तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच. मांजरांशी तिचं चांगलं जमायचं, कारण ती उलटून बोलत नसत. बेटावर मांजरं उदंड, आणि नको असलेली पिल्लं पोत्यात घालून समुद्रात सोडायची पद्धतही जुनीच. लहानपणी तिनंही असं एक पोतं सोडलं होतं. ते ती कुणाला सांगत नसे.

सात वर्षांपूर्वी पलीकडच्या किनाऱ्यावर शी नावाचे जनावरांचे डॉक्टर आले, तेव्हा तिनं हे काम अंगावर घेतलं. रोज सकाळी दहाला मासळीच्या डोक्यांनी भांडं भरायचं, चमच्यानं वाजवायचं, एकाच जागी खायला घालायचं. सवय लागली की एके दिवशी तेच खाणं पिंजऱ्यात ठेवायचं. मग होडीतून पलीकडे नेऊन पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून परत आणायचं. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलेलं असे.

"बी, आमच्या घरच्यालाही ने की एकदा," शेजारी बसणारी म्वानाशा म्हणायची.

"पिंजऱ्यात मावेल का तो?"

पोती बंद झाली. एकेचाळीसपैकी अडतीस मांजरांचे कान कापून झाले. उरलेली तीन मात्र महाबिलंदर. भांडं कितीही बडवा, गोदामाच्या छपरावरून उतरायची नाहीत.

मग एका मुलाला मांजर चावलं आणि पिसाळलेल्या मांजरांची आवई उठली. नगर कचेरीतून फूमो नावाचा साहेब आला. बोलायला मऊ, हातात वही.

"कान कापलेल्यांना आम्ही बोट लावणार नाही, मावशी. बाकीची मारावी लागतील."

"तीनच राहिलीत, बाबा. मंगळवारी डॉक्टर इथंच येतायत. तेवढी मुदत द्या."

"दिली. ही सगळी जेवायला येतात कधी?"

इतक्या अदबीनं विचारल्यावर बी फुलून गेली. "रोज दहाला," म्हणत तिनं भांडं वाजवूनच दाखवलं. शेपट्या वर करून अडतीसच्या अडतीस हजर. साहेबानं वेळ लिहून घेतली.

सोमवारी ती पिंजरे आणायला पलीकडे गेली. दुपारी परतली तर धक्क्यावर कुणी नजर मिळवेना.

"मला वाटलं तूच वाजवतेयस," म्वानाशा म्हणाली. "दहालाच वाजलं गं. तुझंच भांडं. कचेरीची दोन माणसं होती, काहीतरी कालवलेली मासळी घातली. मी म्हटलं, कान तरी बघा यांचे. तर म्हणाले, विषाला काय कळतात कान."

भिंतीच्या सावलीत सगळी पडली होती, काही अजून तोंड भांड्याकडे करून. बी त्यांच्यात बसली. फूमोचा संताप होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. हाक मारली की यायचं, हे तिनंच शिकवलं होतं. एकेकाला, महिना महिना घालवून.

छपरावरची तिघं तेवढी वाचली होती. विष घातलं तेव्हाही ती उतरली नव्हती. आता मात्र त्यातली गाभण मांजरी भिंतीवरून हळूच खाली आली, थांबली, आणि पहिल्यांदाच बीच्या दिशेनं चालू लागली.

"आली गं," म्वानाशा कुजबुजली. "पिंजरा लाव. उद्या डॉक्टर आहेतच."

बीनं दगड उचलला आणि नेम धरून मारला. मांजरी कळवळून छपरावर पळाली. बीनं दुसरा उचलला.

"वेडी झालीस का? पिल्लं होतील तिला. परत पोती सुरू होतील."

"होऊ देत," बी म्हणाली. "पण माणसाला भिणारी होऊ देत."