दबक्या आवाजाचं पोर्तुगीज

आमच्या ऑफिसात थोडे दिवस काढले की किस्से आपोआप साठतात. अडचण एवढीच, की त्यातले बरेचसे सांगताना मान खाली जाते.

ऑफिस म्हणजे जुळे सोलापुरात मेडिकलच्या दुकानावरची एक खोली. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी आम्ही परदेशी सिरियल्सच्या खाली इंग्रजी आणि पोर्तुगीजमध्ये ओळी लिहितो. कोण बोललं, कसं बोललं, दार कुठलं वाजलं. आम्ही म्हणजे राजूसर, रेणुका, अक्कलकोटचा मल्लिनाथ आणि मी. पोर्तुगीज अडलं की फिलोमिना मॅडम, मूळच्या गोव्याच्या.

सुरुवातीलाच एका आवाजाबद्दल 'आबाफादो' हा पोर्तुगीज शब्द आला. डिक्शनरीत पहिला अर्थ होता, कोंदट. मे महिना, कूलर बंद. मल्लिनाथला अर्थ लगेच पटला. त्यानं इंग्रजीत 'स्टफी व्हॉइस' लिहून पाठवलं. क्लायंटनं विचारलं, "नायिकेला सर्दी झाली आहे का?"

मॅडम म्हणाल्या, "अरे, आवाजाचं असेल तर दबलेला. मफल्ड." सर फोनवर माफी मागत होते, आम्ही कीबोर्डकडे बघत होतो.

पुढं मफल्ड आणि हश्ड यांतला फरक कळेना. मॅडम म्हणाल्या, "तोंडावर काही धरलं की मफल्ड. मुद्दाम हळू बोललं की हश्ड. करून बघा."

रेणुकानं तोंडावर ओढणी घट्ट दाबली आणि सिरियलमधलाच डायलॉग मराठीत म्हटला, "मला सोडा, घरी जाऊ द्या."

खालचे मेडिकलवाले काका शटरची सळई घेऊन धावत वर आले. रेणुकाच्या तोंडावर ओढणी, समोर राजूसर. "ट्रेनिंग चाललंय," सर म्हणाले. काकांनी नंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी शब्द काढला नाही.

हेडफोन लावला की आपला आवाज आपल्याला कळत नाही. मल्लिनाथ एकदा माझ्याशी कुजबुजायला गेला आणि खोलीभर ऐकू आलं, "सर आज लई चिडल्यात. घरी भांडण झालंय वाटतं."

सर मागंच उभे होते. म्हणाले, "व्हय, झालंय." आणि जाग्यावर जाऊन बसले.

मग सरांनी आमचं काम तपासायला अनुजाला बोलावलं. शुक्रवार पेठेतली, बँकेत नोकरी करणारी, जन्मापासून ऐकू न येणारी. ती आमच्या समोरच्या टेबलावर इंग्रजी ओळी वाचत होती आणि चुका टाइप करत होती.

मल्लिनाथ रेणुकाकडं वाकला. ऐकू येणार नाही हे माहीत असूनही आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "बिचारी. दिसायला चांगली हाय की. लग्न कसं व्हायचं हिचं?"

रेणुकानं मान हलवली. मीही हलवली. अनुजानं त्याच्या ओठांवरची नजर काढली आणि काहीतरी टाइप करून स्क्रीन आमच्याकडं वळवला.

[दबक्या आवाजात] बिचारी. दिसायला चांगली हाय की. लग्न कसं व्हायचं हिचं?

खाली लिहिलं होतं, 'इंग्रजीत हश्ड. पोर्तुगीजमध्ये काय लिहिता?'