कोरड्या नाल्याची मोजणी

३१ मे १९८४. गोतमारे साहेबांचं कपाट रिकामं करून चावी नव्या साहेबांकडे द्यायची, हे काम माझ्या वाट्याला आलं. साहेब त्याच दिवशी निवृत्त होत होते. कपाटात नकाशांच्या गुंडाळ्या आणि अर्धा डबा शेंगदाणे निघाले. शेंगदाणे मी शिपायाला दिले.

विमानतळाची धावपट्टी वाढवायची, तर आधी आजूबाजूच्या पाण्यावर आणि वस्तीवर काय परिणाम होईल ते तपासायचं, ही पद्धत तेव्हा नवीन होती. तपासणं साहेबांचं काम, अहवाल टाईप करणं माझं. वाढीव धावपट्टीच्या वाटेत एक नाला होता आणि नाल्याच्या वरच्या अंगाला वडटोली नावाची वस्ती. भराव घातला आणि त्याखालून पाणी जायची मोरी अपुरी पडली, तर पाणी तुंबून थेट वडटोलीत शिरणार. मोरी केवढी हवी, हे पूर मोजल्याशिवाय कळत नव्हतं.

मोजणीसाठी पैसे मंजूर होते. यायचे मात्र मार्चात, आणि महिनाअखेर खर्च झाले नाहीत तर परत जायचे. मार्चात त्या नाल्यात बकऱ्या चरतात. मंजुरीचा कागद आला की साहेब सगळ्यांना चहा मागवायचे. "घ्या, नाल्याच्या तेरवीचा चहा घ्या!" सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही.

"साहेब, वर जाऊन भांडा की."

"भिंतीशी भांडून डोकं आपलंच फुटते, बाई."

एकदा मार्चातल्या मोजणीला फीत धरायला माणूस मिळेना, म्हणून मीच नाल्यावर गेले. पदर खोचून उन्हात फीत धरून उभी होते. वडटोलीची तुळसाबाई कमरेवर हात ठेवून काठावर आली.

"काहून गा साहेब, रेती मोजून राहिला का?"

"सरकारचा हुकूम आहे, माय."

"घरात पाणी शिरते तवा कोणी येत नाही. अन् नाला वाळला का फीत घेऊन येता. ही कोण? तुही बायको का?"

"नाही वं माय. आमच्या ऑफिसच्या बाई आहेत."

"मंग इले तरी अक्कल असंन."

साहेब इतके हसले की त्यांच्या हातातली फीत सुटली.

त्या पावसाळ्यात ते रजा टाकून स्वतःच्या सायकलवर गेले आणि पूर मोजून आले. मी आकडे टाईप करून मुख्य कार्यालयाला पाठवले. उत्तर आलं: निधी उपलब्ध नसताना घेतलेली मोजमापं ग्राह्य धरता येत नाहीत. त्याच आठवड्यात पेपरात आलं, की पर्यावरणवाल्यांनी, म्हणजे आम्हीच, धावपट्टी अडवली.

मग अहवालावरच्या सहीसाठी वरून फोन यायला लागले. साहेब खुर्चीतून न हलता सांगायचे, "नाल्याची साक्ष घेतल्याबिगर मी निकाल लिहीत नाही." फोन ठेवून मला म्हणायचे, "हे लोक मले काढणार नाहीत. मी रिटायर व्हायची वाट पाहून राहिले."

तसंच झालं. हार, नारळ, दोन भाषणं उरकली आणि नव्या साहेबांनी माझ्या हातात अहवालाचा मसुदा ठेवला. "बाई, उद्या सकाळी पक्का टाईप करा." त्यात एक वाक्य होतं: पावसाळी प्रवाहाची पाहणी केली, वस्तीस धोका आढळला नाही.

"कुठल्या पावसाळ्यात केली, साहेब? एकच मोजणी झाली, ती तर वरून नाकारली."

"तुम्ही त्यात शिरू नका. दोन वर्षं काम अडलंय."

गोतमारे साहेब शेजारीच गळ्यातला हार काढत होते. त्यांनी सगळं ऐकलं. मला त्यांचाच राग आला. त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हटलं, "जाताना तरी बोलायचं होतं."

सायकलचं कुलूप काढता काढता ते म्हणाले, "आता माही सही चालत नाही, बाई. तुमचं मशीन चालते." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अहवाल टाईप केला. त्या वाक्याच्या जागी ओळ कोरी ठेवली. कागद नव्या साहेबांच्या टेबलावर ठेवले, त्यांच्या पेनाचं टोपण काढून पेन समोर धरलं आणि म्हटलं, "तेवढं वाक्य तुमच्या हातानं लिहा. त्याच्यापुढेच सही करा."